बाटलीतली मुंगी : शास्त्रज्ञ मुंग्या गोळा करतात म्हणजे नेमके काय करतात?

२०२५ च्या एप्रिल महिन्यात केनियातील एक खटला जगभरच्या वृत्तपत्रांत झळकला. नैवाशा या गावातील एका अतिथिगृहात उतरलेल्या दोन बेल्जियन तरुणांकडे दोन हजारांहून अधिक छोट्या नळ्या सापडल्या आणि त्या नळ्यांत ओल्या कापसाच्या आधाराने जिवंत ठेवलेल्या सुमारे ५,००० राणी मुंग्या होत्या. हत्तीचे दात किंवा गेंड्याची शिंगे पकडण्याची सवय असलेल्या केनियाच्या वन्यजीव खात्याने हे प्रकरण तितक्याच गांभीर्याने घेतले. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा याच सुमारास पकडलेल्या अन्य दोघांसह चौघांनाही प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड, आणि तो न भरल्यास १२ महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा झाली.

ही बातमी वाचून अनेकांच्या मनात दोन प्रश्न उभे राहिले. मुंगीसारख्या क्षुद्र वाटणाऱ्या जिवासाठी एवढा मोठा दंड कशाला, हा पहिला. आणि शास्त्रज्ञही जंगलातून हजारो मुंग्या उचलून नेतात, त्या मारूनही टाकतात, मग त्यांच्यात आणि या तरुणांत फरक तो काय, हा दुसरा. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर शास्त्रज्ञ मुंगी कशी पकडतात, पकडल्यावर तिचे काय करतात आणि तिच्यापासून काय शिकतात, हे सगळेच क्रमाने पाहावे लागते.

आधी मुंगी कोणाला म्हणायचे?

मुंग्या या गांधीलमाश्या आणि मधमाश्या यांच्या नात्यातल्या आहेत. कोपरात वाकवलेल्या हातासारख्या दिसणाऱ्या स्पृशा आणि छाती व पोट यांच्यामध्ये असलेली बारीक कंबर या दोन खुणांवरून त्या ओळखता येतात. वाळवीला काही जण पांढरी मुंगी म्हणत असले तरी ती मुंगी नाही. तिचे नाते झुरळाशी आहे.

आजवर मुंग्यांच्या १४,००० हून अधिक प्रजातींना शास्त्रीय नाव मिळालेले आहे. भारतातील मुंग्यांची एक सविस्तर यादी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात १०० प्रवर्गांमधील, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटांमधील, ८२८ प्रजाती व उपप्रजाती नोंदवल्या आहेत. आपण घरात मात्र लाल मुंगी, काळी मुंगी आणि मुंगळा एवढ्यावरच थांबतो. कोकणातला माणूस यांच्या जोडीला आंब्याच्या पानांची घरटी विणणारे, कडकडून चावणारे हुमले किंवा ओंबील सांगेल. उरलेल्या शेकडो प्रजाती आपल्या पायाखालच्या पाचोळ्यात, वाळक्या काटकीच्या पोकळीत, मातीच्या आत किंवा डोक्यावरच्या फांद्यांत राहतात आणि त्यांतल्या कित्येक जेमतेम दोन मिलिमीटर लांबीच्या असतात. ज्या दिसतच नाहीत त्यांना शोधायचे कसे, हीच मुंग्यांच्या अभ्यासकाची पहिली अडचण असते.

शितावरून भात, पण भात ढवळल्यावर

जंगलातली प्रत्येक मुंगी मोजणे कोणालाही शक्य नाही, म्हणून शास्त्रज्ञ नमुने घेतात. शितावरून भाताची परीक्षा हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात रुळलेलेच आहे. मात्र भात तळाशी लागला आहे की वर कच्चा राहिला आहे, हे एका शितावरून कळत नाही; पातेल्यात निरनिराळ्या ठिकाणी पळी घालावी लागते. मुंग्यांच्या बाबतीतही एखाद्या वारुळाजवळ बसून मूठभर मुंग्या उचलल्या तर त्या वारुळाची माहिती मिळते, जंगलाची मिळत नाही.

यावर उपाय म्हणून २००० सालच्या सुमारास जगभरच्या अभ्यासकांनी एक सामाईक पद्धत ठरवून घेतली. जंगलात २०० मीटर लांबीची एक सरळ रेषा आखायची, दर १० मीटरवर थांबायचे, आणि प्रत्येक थांब्यावर एक चौरस मीटर जागेतला पालापाचोळा गोळा करून शेजारीच जमिनीत एक सापळा पुरायचा. असे २० थांबे होतात. ब्राझीलमध्ये, मादागास्करमध्ये आणि सह्याद्रीत हेच केले, तर तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. वजनाची मापे सगळ्या बाजारात सारखी असल्याशिवाय भावाची तुलना करता येत नाही, तसेच हे आहे.

वीसच थांबे का, याचे उत्तर लग्नमंडपाच्या दाराशी उभे राहिल्यावर मिळते. पहिल्या अर्ध्या तासात येणारा प्रत्येक चेहरा नवा असतो. नंतर तेच तेच चेहरे पुन्हा दिसू लागतात आणि नवे चेहरे तुरळक होत जातात. नमुन्यांमागून नमुने घेताना नव्या प्रजाती मिळण्याचा वेगही असाच मंदावत जातो, आणि त्या मंदावण्यावरून आपण कुठवर आलो याचा अंदाज बांधता येतो. यात आणखी एक सुंदर खुबी आहे. ज्या प्रजाती आपल्याला केवळ एकदाच सापडल्या त्यांची संख्या मोठी असेल, तर अजिबात न सापडलेल्या प्रजातीही पुष्कळ असणार. आणि जवळपास प्रत्येक प्रजाती दोनदा-तीनदा सापडली असेल, तर थोड्याच उरल्या असणार. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ साली या विचाराला सूत्राचे रूप दिले. न पाहिलेल्या गोष्टींची किमान संख्या पाहिलेल्या गोष्टींवरून सांगणारे हे सूत्र मला या सगळ्या विषयातले सर्वांत विस्मयकारक गणित वाटते.

चाळण, टांगलेली पिशवी आणि जमिनीत पुरलेला पेला

आता प्रत्यक्ष पकडण्याकडे वळू. गोळा केलेला पालापाचोळा प्रथम मोठ्या जाळीच्या चाळणीतून झोडपून चाळतात, म्हणजे मोठी पाने व काटक्या वर राहतात आणि खाली भुगा, माती व त्यातले जीव उतरतात. हा भुगा एका विरळ जाळीच्या पिशवीत भरून ती पिशवी बाहेरच्या मोठ्या कापडी पिशवीत टांगतात. बाहेरची पिशवी खाली निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाला अल्कोहोल भरलेली बाटली बांधलेली असते. हिला विंकलर पिशवी म्हणतात. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की पाणी हळूहळू खाली निथळते; येथे पाण्याऐवजी मुंग्या निथळतात. भुगा जसजसा वाळत जातो तसतशा अस्वस्थ झालेल्या मुंग्या ओलावा शोधत जाळीतून बाहेर पडतात आणि खाली बाटलीत कोसळतात. साधारण ४८ तासांत बहुतेक जीव उतरलेले असतात. या यंत्रणेला वीज लागत नाही, ती घडी घालून पाठीवरच्या पिशवीत मावते, आणि म्हणूनच दुर्गम जंगलात काम करणाऱ्या प्रत्येकाला ती प्रिय असते. विजेची सोय असेल तेथे इटालियन कीटकशास्त्रज्ञ अंतोनिओ बेर्लेझे यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या नरसाळ्याचा सुधारित अवतार वापरतात. त्यात वर दिवा लावून उष्णतेने जीव खाली हाकलले जातात.

जमिनीवर भटकणाऱ्या मुंग्यांसाठी प्लॅस्टिकचा पेला काठापर्यंत मातीत पुरतात. काठ जमिनीच्या पातळीपेक्षा किंचितही वर राहिला तर मुंगी वळसा घालून निघून जाते, म्हणून हे पुरण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. पेल्यात थोडा द्रव असतो आणि त्यात साबणाचे दोन थेंब टाकलेले असतात. पाण्याचा पृष्ठभाग मुंगीला ताणलेल्या कापडासारखा तोलून धरतो. साबणाने तो ताण मोडतो आणि ती बुडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात असा पेला उघडा ठेवला तर पहिल्याच सरीत भरून वाहील, त्यामुळे त्यावर छोटेसे छप्पर उभारावे लागते.

या दोन पद्धतींनी सगळ्या मुंग्या मिळत नाहीत. झाडावर राहणाऱ्यांसाठी फांदी झोडपून खाली धरलेल्या चादरीवर जीव पाडतात. उंच शेंड्यांसाठी काही ठिकाणी झाडावर कीटकनाशकाचे धुके सोडतात. अशाच तऱ्हेने पेरूमधील तांबोपाता अभयारण्यात एकाच झाडावरून ४३ प्रजाती मिळाल्याचे अमेरिकी मुंगीतज्ज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८७ मध्ये नोंदवले. ब्रिटिश बेटांवरील सगळ्या मुंग्यांच्या प्रजाती एकत्र केल्या तरी त्यांची संख्या जवळपास एवढीच भरते. काही अभ्यासक कागदावर टूना मासा किंवा साखरेचे पाणी ठेवून आमिष मांडतात आणि कोण आधी येते, कोण कोणाला हुसकावते, याची घड्याळ लावून नोंद करतात. आणि सरतेशेवटी डोळे, चिमटा व शोषनळी घेऊन गुडघ्यांवर बसण्याला पर्याय नसतो. शोषनळी म्हणजे दोन नळ्या लावलेली लहान कुपी : एका नळीने तोंडाने हवा ओढायची की दुसऱ्या नळीतून मुंगी अलगद कुपीत येते आणि मध्ये लावलेल्या जाळीमुळे तोंडात जात नाही. जाळी मुंगीला अडवते, वायूला अडवत नाही. फॉर्मिक आम्ल फवारणाऱ्या मुंग्या ओढताना घसा आणि छाती जळजळते, म्हणून जाणते लोक अशा वेळी तोंडाऐवजी रबरी फुग्याने हवा ओढतात.

मुंगीपेक्षा चिठ्ठी महत्त्वाची

पकडलेली मुंगी अल्कोहोलमध्ये ठेवतात. शरीररचना पाहायची असेल तर सुमारे ७० टक्के तीव्रतेचे अल्कोहोल पुरते, कारण त्यात सांधे लवचीक राहतात. डीएनए टिकवायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या जवळपास लागते. कीटकांच्या शरीरातले पाणी अल्कोहोलमध्ये उतरून ते पातळ होते, म्हणून भरगच्च नमुन्याचे अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदलावे लागते. लोणच्याला पाणी सुटल्यावर मिठाचे प्रमाण तपासणाऱ्या हाताला ही काळजी लगेच समजेल. बाटलीतच, मुंग्यांच्या सोबत, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकतात. शाई अल्कोहोलमध्ये विरघळू शकते, पेन्सिल विरघळत नाही.

या चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, कोणत्या प्रकारचे जंगल, आणि मुंगी पाचोळ्यात सापडली की कुजक्या ओंडक्यात की झाडाच्या खोडावर, हे सारे लिहिलेले असते. प्रयोगशाळेत मुंगीला जाड कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकाच्या सूक्ष्म थेंबाने चिकटवतात, कारण तिच्या अंगातून टाचणी घातली तर ती फुटून जाईल. टाचणी त्या कागदातून जाते आणि खाली तीच माहिती बारीक अक्षरांत छापलेली चिठ्ठी लागते. संग्रहालयाच्या पेटीतली चिठ्ठी हरवलेली मुंगी शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असते. ती कुठली, केव्हाची, कशात राहणारी, हे कोणीही पुन्हा सांगू शकत नाही. उलट शंभर वर्षांपूर्वीची चिठ्ठीसह जपलेली मुंगी आजही साक्ष देते : त्या काळी त्या डोंगरावर, त्या महिन्यात, मी होते.

नमुना जपण्याला किती मोल आहे, हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील एका प्रसंगातून दिसते. १९९८ साली ब्राझीलमधील मानाउसजवळ मातीच्या नमुन्यातून दोन विचित्र, फिकट मुंग्या मिळाल्या होत्या, परंतु त्या खराब झाल्या आणि गमावल्या. पुढे २००३ मध्ये त्याच परिसरात क्रिस्टियन राबेलिंग यांना पाचोळ्यात तशीच एक मुंगी सापडली. ती आंधळी होती, तिचे जबडे चिमट्यासारखे लांब होते आणि ज्ञात असलेल्या कोणत्याही गटात ती बसत नव्हती. २००८ मध्ये तिला मार्शालिस ह्यूरेका हे नाव मिळाले आणि तिच्या एकटीसाठी स्वतंत्र उपकुळ मांडावे लागले. मुंग्यांच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळून फुटलेली ही फांदी एका मुंगीच्या आधारावर उजेडात आली.

नव्या प्रजातीचे वर्णन ज्या एका विशिष्ट नमुन्यावरून करतात त्याला आधारनमुना म्हणू. तो संग्रहालयात कायम जपला जातो आणि पुढे कधी वाद झाला तर त्याच्याकडेच जावे लागते. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड जे काम करतो तेच तो करतो. पूर्वी हा दगड पाहायला परदेशी संग्रहालयाची वारी करावी लागे. २००२ साली कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये ब्रायन फिशर यांनी सुरू केलेल्या अँटवेब या प्रकल्पामुळे आज हजारो प्रजातींची डोके, बाजू आणि पाठ दाखवणारी छायाचित्रे, खालच्या चिठ्ठीसकट, कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

पुण्यातले टेबल

या शास्त्राचा एक जुना धागा पुण्यात आहे. मुंबई इलाख्यात सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमलेले लष्करी अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३५ साली भारतीय मुंग्यांच्या काही नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुण्यातील त्यांच्या घरी गोड पदार्थांचे टेबल भिंतीपासून थोडे दूर ठेवून त्याचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले जात. आपल्या आज्या-पणज्या फडताळाच्या पायांखाली वाट्या ठेवत, तोच हा उपाय. मुंगळे तरीही टेबलावर पोहोचत. शेवटी साइक्स यांनी पाहिले की मुंगळा भिंतीवर टेबलाच्या थोडे वर चढतो आणि तेथून अंग सोडून थेट टेबलावर पडतो. पुण्याच्या परेड मैदानाजवळ त्यांना गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले : पावसात भिजलेले साठवणीचे बी मुंग्या वर आणून वाळत घालत होत्या. या मुंगीचे नाव आजही फायडोल प्रोव्हिडेन्स आहे, म्हणजे पुढची तरतूद करणारी, आणि त्या नावापुढे साइक्स, १८३५ असे लिहिले जाते. केनियात नळ्यांत भरलेली मुंगीही अशीच बी साठवणारी आहे.

पुढे वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लिहिले आणि आपले नमुने स्वित्झर्लंडचे मुंगीतज्ज्ञ ऑग्यूस्त फोरेल यांच्याकडे पाठवले. फोरेल यांनी काही प्रजातींना रॉटन यांचेच नाव दिले. १९०३ मध्ये चार्ल्स बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील खंड आला आणि त्याचा आधार अभ्यासकांना आजही घ्यावा लागतो. या सगळ्यात एक खंत आहेच : ज्या स्थानिक माणसांनी वाट दाखवली आणि वारुळे उकरून दिली, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर नाहीत, आणि त्या काळचे बरेच आधारनमुने युरोपातील संग्रहालयांत आहेत.

ओळख कशी पटवतात?

सूक्ष्मदर्शकाखाली मुंगी ठेवली की प्रश्नांची मालिका सुरू होते. कंबरेला एक गाठ आहे की दोन? मुंगळ्याला एक असते, आग्या चावा घेणाऱ्या लहान लाल मुंगीला दोन. पोट पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे असून ती ते पाठीवर उचलून धरते का? मग ती झाडांवर लगद्याची घरटी बांधणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर या प्रवर्गातली. जबड्याला दात किती, डोक्यावरचे केस उभे की आडवे, स्पृशांना सांधे किती, असे एकेक फाटे पार करत अभ्यासक नावापर्यंत पोहोचतो.

जेथे डोळा कमी पडतो तेथे डीएनएचा सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा तो प्रजातीगणिक वेगळा असतो. एकाच प्रजातीचे नर, राणी आणि कामकरी एकमेकांपासून इतके वेगळे दिसतात की पूर्वी त्यांना निरनिराळी नावे दिली गेली होती. अशी घराणी या बारकोडने जुळवता येतात. क्ष-किरणांच्या मदतीने मुंगीला न कापता तिच्या आतले स्नायू आणि मज्जासंस्था त्रिमितीत पाहणेही आता शक्य झाले आहे.

जिवंत मुंगीला प्रश्न कसा विचारतात?

मेलेल्या मुंगीवरून ती कोण हे कळते. ती काय करते हे कळण्यासाठी जिवंत मुंगी लागते. ट्युनिशियातल्या वाळवंटात अन्न शोधायला वेडीवाकडी भटकणारी कॅटाग्लिफिस ही मुंगी अन्न मिळताच सरळ रेषेत घरी परतते. अंतर ती कसे मोजते? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शास्त्रज्ञांनी घरापासून १० मीटरवर पोहोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून त्यांना उंच केले, तर काहींचे पाय आखूड केले. परतताना उंच पायांच्या मुंग्या सुमारे १५ मीटर चालून घर शोधू लागल्या आणि आखूड पायांच्या मुंग्या ६ मीटरच्या आतच थांबल्या. पावलांची संख्या तीच होती, पाऊल बदलले होते. मुंगी पावले मोजते, किंवा निदान मोजल्यासारखे काहीतरी करते, हे यावरून दिसले.

१९५८ मध्ये विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या मुंगीच्या अंगावर तयार होणारे ओलिइक आम्ल जिवंत मुंगीला लावले. इतर मुंग्यांनी ती पाय झाडत असतानाही उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकली, आणि ते आम्ल साफ होईपर्यंत पुन्हा पुन्हा टाकत राहिल्या. मुंगीच्या जगात मरण डोळ्यांना दिसत नाही, ते वासाने कळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासात सहा वसाहतींतल्या प्रत्येक कामकरी मुंगीच्या पाठीवर सूक्ष्म चौकोनी खूण चिकटवून, दर सेकंदाला दोनदा छायाचित्र घेत, ४१ दिवस संगणकाने त्यांच्यावर नजर ठेवली. तरुण मुंग्या पिल्लांजवळ राहतात, मग साफसफाईकडे वळतात आणि वय झाल्यावर अन्नासाठी बाहेर पडतात, हे त्यातून स्पष्टपणे उमटले. सर्वांत धोक्याचे काम सर्वांत म्हाताऱ्यांकडे असते. फ्लोरिडाचे वॉल्टर शिंकेल वारुळात प्लास्टर किंवा वितळलेला धातू ओतून त्याचा साचा काढतात, आणि तीन मीटर खोल गेलेली दालने व जिने एखाद्या झुंबरासारखे हातात येतात.

मग मुंग्या मारणे योग्य आहे का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. विंकलर पिशवीत पडणारी प्रत्येक मुंगी मरते, तिच्याबरोबर कोळी, भुंगे आणि गोमही मरतात, आणि एका काटकीत अख्खी छोटी वसाहत असेल तर तीही संपते.

तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. मुंगीचा वंश कामकरी चालवत नाही, राणी चालवते. विणकर मुंग्यांच्या, म्हणजे हुमल्यांच्या, मोठ्या वसाहतीत कामकऱ्यांची संख्या ५ लाखांपर्यंत जाते. त्यातल्या वीस उचलल्या तर झाडाची चार पाने गळल्यासारखे होते आणि राणी ती भर थोड्याच काळात काढते. दुसरे असे की गोळा केलेले बाकीचे जीवही फेकून द्यायचे नसतात. कोळ्यांच्या आणि भुंग्यांच्या अभ्यासकांकडे ते पोहोचवण्याची रीत आहे, आणि ज्या प्रयोगशाळेत ती पाळली जात नाही तेथे चूक होते आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

फोटो काढून भागणार नाही?

मोठ्या, ठळक प्रजातींसाठी भागते, आणि आज मोबाइलवरच्या छायाचित्रांतून सामान्य नागरिकांनी पुष्कळ उपयुक्त नोंदी केल्या आहेत. परंतु दोन मिलिमीटरच्या मुंगीच्या जबड्याचे दात त्या छायाचित्रात येत नाहीत, तिचा डीएनए येत नाही, आणि पन्नास वर्षांनी एखादे नवे उपकरण निघाले तर त्याखाली छायाचित्र ठेवून काही हाती लागत नाही.

केनियातल्या तरुणांनी वेगळे काय केले?

त्यांनी राण्या उचलल्या. पावसानंतर पंख फुटलेल्या राण्या आणि नर आकाशात झेपावतात, मीलन होते, नर मरतात आणि राणी पंख टाकून जमिनीत शिरते. मुंगीला पंख फुटले म्हणजे मरण जवळ आले असे आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे, राणीच्या बाबतीत मात्र तेथून आयुष्य सुरू होते. युरोपातील काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात जवळजवळ २९ वर्षे जगली होती. म्हणजे ५,००० राण्या नेणे हे ५,००० मुंग्या नेण्यासारखे नाही; ५,००० संभाव्य वसाहती त्या भूमीतून काढून नेण्यासारखे आहे. या राण्या युरोप व आशियातील हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांसाठी होत्या.

त्यांच्याकडे परवानगीही नव्हती. १९९२ च्या जैवविविधता करारानुसार एखाद्या देशातले जीव ही त्या देशाची संपत्ती आहे, आणि २०१० च्या नागोया उपकराराने तिच्या लाभात त्या देशाचा वाटा मान्य केला. भारतात यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी संशोधकाला येथील जीव अभ्यासासाठी न्यायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची संमती घ्यावी लागते, आणि राखीव जंगलात पाऊल टाकण्यासाठी भारतीय संशोधकालाही वनखात्याची परवानगी लागते. या कागदपत्रांना महिने लागतात आणि संशोधक त्याबद्दल तक्रार करतात. मला तो विलंब जाचक वाटतो, पण नियमच नसावा असे वाटत नाही.

तिसरा धोका पोहोचण्याच्या ठिकाणी असतो. पेटीतून निसटलेली परकी मुंगी नव्या जागी मोकाट पसरू शकते. अशी मोकाट पसरलेली मुंगी काय करते, हे २०२२ मध्ये तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यातील करंदमलईच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावकऱ्यांनी अनुभवले. पिवळ्या वेड्या मुंग्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आक्रमक मुंग्यांनी तेथे गुराढोरांना हैराण केले आणि लोकांना जंगलात जाणे अवघड केले. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर याच प्रजातीने लाखो तांबडे खेकडे मारले आहेत.

एवढ्या खटाटोपातून हाती काय येते?

२०२२ साली हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ४८९ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पृथ्वीवरील मुंग्यांची संख्या काढण्यात आली. ती सुमारे २० हजार लाख कोटी आहे, म्हणजे दर माणसामागे साधारण २५ लाख. सगळे रानटी पक्षी आणि सस्तन प्राणी एका पारड्यात घातले तरी मुंग्यांचे पारडे जड भरते. हा आकडा चाळणी, पिशव्या आणि पुरलेल्या पेल्यांतून आला. झाडांवरच्या आणि जमिनीखालच्या मुंग्यांची मोजणी अजून फार थोड्या ठिकाणी झाली आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइटच्या खाणी बंद केल्यावर पुन्हा लावलेले जंगल खरोखर जंगल झाले की नुसती झाडे उभी राहिली, हे जोनाथन मेजर यांनी १९७० च्या दशकापासून तेथील मुंग्या मोजून तपासले. झाडे लावली की हिरवे दिसते. मुंग्यांच्या नाना प्रजाती मात्र मातीत अन्न, ओलावा आणि निवारा परतल्याशिवाय येत नाहीत.

चीनमध्ये इ.स. ३०४ च्या सुमाराच्या एका नोंदीत संत्रावर्गीय झाडांवर किडींपासून रक्षणासाठी विणकर मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचा उल्लेख आहे. ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांत अशाच विणकर मुंग्यांनी ढेकण्याच्या जातीच्या किडीला आळा घातल्याचे प्रयोगांतून दिसले आहे. कोकणात आणि गोव्यात काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडला की फवारणी होते, आणि काजू काढताना चावतात म्हणून झाडावरचे हुमले आधीच जाळून टाकलेले असतात. कोणत्या झाडावर हुमले राहिले आणि तेथे मोहोर किती टिकला, हे पाहायला शोषनळीदेखील लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख लागते.